बार रूममधला अभ्यासवर्ग: तालुक्याच्या वकील संघाने शिकणं आणि यंत्रं कशी रुजवावीत

१ जुलै २०२४ ला सोमवार होता. पहाटेपासून पाऊस धरलेला. आमच्या बार रूमचं, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीचं, छप्पर तीन जागी गळतं, त्या तीन जागी नेहमीच्या तीन बादल्या. त्याच दिवशी भारतीय दंड संहिता (भादंवि), फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा गेले आणि त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. आठवडाभरात एका ज्युनिअरने बांधावरच्या मारामारीची एफआयआर टेबलावर आणून ठेवली: कलम ११५(२), ३५२, ३५१(२). वकिलीची सनद घेऊन चाळीसच्या वर वर्षं झालेले आमचे अण्णा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे काय हो, एसटीचे नंबर?"

सगळे हसलो. पण अण्णांना तोंडपाठ असलेल्या ३२३, ५०४, ५०६ चेच, म्हणजे मारहाण, मुद्दाम अपमान आणि धमकीचेच, हे नवे आकडे होते, आणि बांधाच्या भांडणातलं आमचं निम्मं फौजदारी काम या तीन कलमांवर चालतं. त्याहून मोठी फजिती ४८२ ने केली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करून घ्यायला हायकोर्टात जायचं कलम. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता. आणि जुनं ४८२ आता ५२८ झालंय. कित्येक दिवस "४८२ टाकतोय" असं कुणी म्हटलं की समोरचा विचारायचा, "जुनं की नवं?"

त्या पावसाळ्यात मी आमच्या तालुका वकील संघाची सचिव होते. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं घरातलं बोलणार आहे. रत्नागिरी जिल्हा, खाडीच्या कडेचं गाव, सभासद सत्तरच्या आसपास, एवढं पुरे. अभ्यासवर्ग कसे सुरू केलेत, ई-फायलिंगचं, म्हणजे दावे ऑनलाइन दाखल करायचं, टेबल कसं लावलंत, असं शेजारच्या तालुक्यांतून अधूनमधून विचारतात. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. डॉक्टरांच्या, केमिस्टांच्या, इंजिनिअरांच्या संघांनाही यातलं बरंचसं चालेल, फक्त एक फरक आधी लक्षात घ्या.

डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला ५ वर्षांत शिक्षणाची ३० क्रेडिट मिळवावी लागतात. सीएंना सीपीईचे, म्हणजे व्यवसायात राहून शिकत राहण्याचे, तास भरावे लागतात. त्यांच्या संघांनी हॉल घेतला, प्रमाणपत्रं छापली, की माणसं येतातच. वकिलाचं तसं नाही. २०११ पासून ऑल इंडिया बार एक्झामिनेशन होते, पण ती एकदाच. ती पार पडली की पुढच्या चाळीस वर्षांत "तू नवीन काय शिकलास" असं त्याला कुणीही विचारत नाही. म्हणजे आमच्याकडे माणूस वर्गात बसला तर तो स्वतःच्या गरजेने बसतो, नाहीतर चहा पिऊन उठतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरलं.

आधी यादी

वर्ग, स्कॅनर, ॲप, सगळं मागाहून. आधी सभासदांची यादी नीट करा. आमची यादी एका लाल कापडी बांधणीच्या वहीत होती. त्यात दोन दिवंगत सभासद वर्गणी थकवून बसले होते आणि न्यायाधीश होऊन बदलीवर गेलेली एक मुलगी अजून "ज्युनिअर" होती.

मी साधी एक्सेलची फाइल केली. सनदेचा क्रमांक आणि वर्ष, मोबाइल, ईमेल, कामाचा प्रकार (दिवाणी, फौजदारी, महसूल, मोटार अपघात, सहकार), रक्तगट. यात दोन रकाने माझ्या डोक्यातले, आणि तेच सगळ्यात उपयोगी पडले. पहिला: "ईमेल स्वतः उघडता येतो का?" निम्म्याहून जास्त ज्येष्ठांचा ईमेल झेरॉक्सवाल्याने कधीतरी काढून दिलेला, पासवर्ड त्याच्याच डायरीत. दुसरा: "आधारला जोडलेला मोबाइल कुणाजवळ असतो?" हा प्रश्न का विचारायचा ते पुढे येईल.

आधार क्रमांक मात्र गोळा करू नका. मोहाने लोक करतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपणच वाचलेला असतो आणि आपल्याच बार रूमच्या भिंतीवर सभासदांच्या आधारच्या झेरॉक्स टाचणीला लटकत असतात, हे बरं दिसत नाही.

यादी भरून घेताना फॉर्म वाटू नका. मी वाटले, अकरा परत आले. मग वेल्फेअरची, म्हणजे वकील कल्याण निधीची, तिकिटं विकायला बसायचे तेव्हा लॅपटॉप शेजारी ठेवला. वकीलपत्राला तिकीट लागतंच, त्यामुळे महिन्याभरात सगळे येऊन जातात. तिकीट देता देता पाच प्रश्न विचारले, सहा आठवड्यांत यादी पुरी झाली.

ॲपच्या नादी लागलो त्याबद्दल

माझ्या आधीच्या कार्यकारिणीने शहरातल्या एका कंपनीकडून संघाचं ॲप करून घेतलं होतं. उद्घाटनाला फीत कापली, पेढे वाटले. ॲपमध्ये सभासदांचे फोटो, "बातम्या" आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. तीन महिन्यांनी ते उघडणारे चार जण उरले, त्यातले दोघे स्वतःचा फोटो बदलायला उघडत. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचं बिल आलं. नको म्हटलं तर त्यातली माहिती परत मिळेना.

कुणी असं काही विकायला आलं तर सभेत ठराव करायच्या आधी तीनच गोष्टी विचारा. आमची माहिती आम्हाला एक्सेलमध्ये हवी तेव्हा काढून घेता येईल का? वेबसाइटचं नाव संघाच्या नावावर नोंदवणार की तुमच्या? दुसऱ्या वर्षापासून किती पैसे? तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता चहाचा कप हातात घेतो, असा माझा अनुभव आहे.

रोजच्या निरोपांना व्हॉट्सॲप पुरतं. गट मात्र दोन करा. पहिल्यात फक्त पदाधिकारी लिहू शकतील: न्यायाधीश साहेब रजेवर, शोकसभा, परिपत्रक, वर्गाची वेळ. दुसरा मोकळा, तिथे सुप्रभात आणि राजकारण होऊ द्या. पहिल्या गटात पीडीएफ टाकायची तर वर एक ओळ मराठीत लिहायचीच: यात काय आहे आणि कुणाच्या कामाचं आहे. हा नियम मोडला की मी संदेश काढून टाकायचे. शिव्या खाल्ल्या, पण गट वाचला जाऊ लागला.

वर्ग कधी, किती, कशावर

आमच्याकडे वेळापत्रक हवामान आणि देव ठरवतात. एप्रिल-मे सोडून द्या. कोर्टाला उन्हाळी सुट्टी, आणि ज्यांच्या बागा आहेत ते आंब्याच्या पेट्यांत बुडालेले. गणपतीत सोडा, शिमग्यात तर बोलूच नका. राहतात जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंतचे आणि दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे महिने. आठवडी बाजाराच्या दिवशी पक्षकार उतरतात, तो दिवसही नको.

रविवारी हॉलमध्ये दिवसभराची कार्यशाळा आम्ही एकदा केली. मुंबईहून वक्ते बोलावले. मांडवी एक्स्प्रेस उशिरा आली, सत्कार लांबला, अध्यक्षीय भाषण त्याहून लांबलं, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्यांना वीस मिनिटं मिळाली. सोलकढी छान होती.

त्यानंतर ठरवलं: मधल्या सुट्टीत, बार रूममध्येच, डबा उघडून, पस्तीस मिनिटं. पंधरवड्यातून एकदा. विषय एक कलम किंवा एक कागद. "नव्या फौजदारी कायद्यांचा आढावा" असला विषय नको. "३० जूनला मारहाण, ५ जुलैला फिर्याद: कलम कुठलं लावणार?" असा हवा. गुन्हा ३० जूनचा असेल तर शिक्षेचं कलम जुन्याच कायद्यातलं, हे माहीत सगळ्यांना असतं. पण समोर कागद ठेवून विचारलं की दोघे-तिघे चुकतात, आणि चुकलेला माणूस पुढच्या वर्गाला हमखास येतो.

पहिला वर्ग सोप्यातला ठेवा, आणि हातात काहीतरी पडेल असा. आम्ही ई-कोर्ट्सचं मोबाइल ॲप घेतलं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो घातला की पुढची तारीख आणि आधीच्या तारखांना काय झालं ते दिसतं. सनदेच्या क्रमांकावरून आपले सगळे खटले एकदम शोधता येतात. प्रत्येकाने डबा बाजूला ठेवून आपापले खटले फोनमध्ये जमा केले. फोन बदलला की ही यादी जाते, म्हणून ती बाहेर काढून ठेवायची सोय ॲपमध्येच आहे, तीही दाखवली. एका वकिलांना तिथल्या तिथे कळलं की डायरीत चुकीची तारीख लिहिलीय आणि त्यांचा एक दावा त्याच दिवशी बोर्डावर आहे. ते डबा तसाच टाकून पळाले. त्या वर्गाची जाहिरात मला करावी लागली नाही.

हॅश म्हणजे लाखेचं शील

एक वर्ग जरा तपशिलात सांगते, कारण तांत्रिक गोष्ट शिकवायची कशी ते मला त्यात समजलं.

मोबाइलमधला फोटो, रेकॉर्डिंग, सीसीटीव्ही पुराव्यात द्यायचं तर प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये ते आवश्यक असल्याचं पक्कं झालं. तेव्हा कलम ६५-ब होतं. आता साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग: भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत त्या फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने निघणारी तिची खूण, लिहायचं असतं. इथे सगळ्यांचे डोळे पेंगुळायचे.

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. आमच्या गळक्या छपराचा एक फोटो घेतला. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. तिने त्या फोटोचा एसएचए-२५६ हॅश काढला: चौसष्ट अक्षर-अंकांची ओळ. एका ज्युनिअरने ती फळ्यावर उतरवली. मग फोटोची कड नखाएवढी कापली, पुन्हा हॅश काढला. वेगळीच ओळ, पहिलीशी काही नातं नाही. तोच मूळ फोटो व्हॉट्सॲपवरून अण्णांना पाठवला, त्यांच्या फोनमधून परत घेतला, हॅश काढला. तिसरीच ओळ. दिसायला तिन्ही फोटो सारखे, बादल्यांसकट.

अण्णा बराच वेळ फळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे हे लाखेचं शील. पाकीट उघडलं की फुटलं." वर्ग तिथेच संपला असता तरी चाललं असतं.

यातून निघालेली कामाची गोष्ट: पक्षकार फोटो भावाला पाठवतो, भाऊ तुम्हाला पाठवतो, आणि व्हॉट्सॲप वाटेत फोटो लहान करतं. तुमच्याकडे येते ती मूळ फाइल नसतेच. पक्षकाराला फोन घेऊन ऑफिसात बोलवा, वायरने फाइल काढा, त्याच वेळी हॅश काढून ठेवा. अगदीच मुंबईहून यायला जमत नसेल तर फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, त्यात तो लहान होत नाही. आणि मूळ फोन विकू नको म्हणून सांगा. चाकरमानी दर दिवाळीला फोन बदलतात.

ई-फायलिंगचं टेबल

बार रूमच्या कोपऱ्यातलं कॅरमचं टेबल आम्ही यासाठी घेतलं. कॅरमवाल्यांशी वाटाघाटी करायला दोन सभा लागल्या.

टेबलावर काय ठेवायचं: एक शीट-फीड स्कॅनर, म्हणजे वरून गठ्ठा ठेवला की भराभर पानं ओढणारा. एक साधा काचेचा स्कॅनर, कारण शिवलेली खरेदीखतं आणि भुरभुरलेले कागद पहिल्यात घातले तर तुकडेच बाहेर येतात. यूपीएस, पावसाळ्यात तो स्कॅनरइतकाच महत्त्वाचा. ए-फोर, ३०० डीपीआय, रंगाची गरज नसेल तिथे काळंपांढरं. फाइलला नाव देताना "स्कॅन००१७" नको. दावा, कैफियत, वकीलपत्र असं नाव आणि पुढे तारीख.

फॉन्टचं दुखणं मोठं. आमचे टायपिस्ट सुरेखसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करत आले. कागदावर अक्षर सुंदर, पण तोच मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसत्या रेघोट्या, आणि शोधायला गेलं तर काही सापडत नाही. नवं टाइपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर सारख्या उघडणाऱ्या अक्षरांतच, करायचं, हे टायपिस्टना सांगून होत नाही. त्यांच्यासाठी वेगळा वर्ग घ्या. आम्ही इन्स्क्रिप्टच्या (युनिकोड टाइप करायच्या कळफलकाच्या) कळांचे स्टिकर आणून दिले आणि महिनाभर कुणी वेगाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं. संघाचे सभासद नसले तरी टायपिस्ट शिकल्याशिवाय संघ पुढे सरकत नाही, हे मला उशिरा कळलं.

आता आधारच्या मोबाइलचं. ई-फायलिंगला सही दोन प्रकारे होते: डिजिटल सहीच्या टोकनने, ज्याचं काही वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, किंवा आधारवरच्या ओटीपीने. अण्णांनी ओटीपी निवडला, टोकनचे पैसे कोण घालणार म्हणून. एका अपिलाच्या मुदतीचा शेवटचा दिवस. सगळं चढवून झालं, सहीचं बटण दाबलं, ओटीपी गेला डोंबिवलीला. आधार काढताना मुलाचा नंबर दिलेला. मुलाला फोन लावला तर लागेना. तो लोकलमध्ये, रेंज नाही. रेंज आली, त्याने आकडे सांगितले, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा पाठवला, तेव्हा आमची लाइट गेली. तिसऱ्या वेळी जमलं, पण अण्णांचा तो चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर पोस्टातल्या आधार केंद्रात नंबर लावला.

म्हणून यादीत तो रकाना. ज्यांच्या रकान्यात "मुलाकडे", "सुनेकडे", "नंबर बंद" असं होतं त्या सगळ्यांना आम्ही एका आठवड्यात दोघातिघांच्या टोळीने आधार केंद्रावर नेलं. वर्ग म्हणावा असं यात काही नाही, पण वर्षभरात संघाने केलेल्या कामात याचा क्रमांक वरचा.

या टेबलावर रोज एक ज्युनिअर बसतो, पाळीपाळीने. सीनिअरचं काम करून द्यायचं नाही, शेजारी बसून करून घ्यायचं. याला ज्युनिअर कंटाळतात, सीनिअर चिडतात. चालायचंच.

शिकवायला कोण

पहिल्या वर्षातला सर्वांत गाजलेला वर्ग निवृत्त शिरस्तेदारांनी, म्हणजे कोर्टाच्या ऑफिसातल्या वरिष्ठ कर्मचाऱ्यांनी, घेतला. विषय: दावा दाखल करताना ऑफिस हरकत का काढतं. त्यांनी तीस वर्षांतल्या हरकती बोटांवर मोजून दाखवल्या. पानांना क्रमांक नाही, मूल्यांकन आणि कोर्ट फी जुळत नाही, मयताच्या वारसांची वयं लिहिलेली नाहीत. यातल्या बहुतेक हरकती ई-फायलिंगमध्येही तशाच निघतात, फक्त आता त्या स्क्रीनवर दिसतात. असा माणूस तुमच्याही तालुक्यात दुपारी ओटीवर बसून पेपर वाचत असेल. त्यांना शाल-श्रीफळ देऊन अवघडवू नका, नुसता फोन करा.

बाहेरचे वक्ते लागतातच. ते ऑनलाइन घ्या, एक तास, आणि प्रश्न आठ दिवस आधी लेखी पाठवा. प्रश्न न पाठवता वक्ता बोलावला की तो प्रस्तावनेतच अडकतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्याला जोडले गेले, तेव्हापासून आमचे तरुण वकील मुंबईऐवजी आंबा घाट चढतात. तिकडे जाऊन आलेल्याने पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं सांगायचं, हा नवा पायंडा आहे: कागद कुठे अडले, साहेबांनी काय विचारलं.

मोडी, आणि दोन पै कुणाच्या

तंत्रज्ञान म्हटलं की सगळे पुढे बघतात. आमच्या भागात अर्धी अडचण मागे आहे. खोती, म्हणजे कोकणातली सारावसुलीची वतनदारी, संपवायचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलं, कायदा झाला १९४९ मध्ये. पण खोताच्या, कुळाच्या, देवस्थानाच्या कागदांचा गुंता अजून वाटपाच्या दाव्यांत येतो, आणि ते कागद जुन्या मोडी लिपीत असतात. भाषांतरासाठी कागद बाहेरगावी पाठवायचा, महिने जायचे, आणि परत आलेलं बरोबर आहे की नाही हे तपासायची आमची पात्रता नाही.

म्हणून मोडीचा वर्ग काढला. संध्याकाळी साडेसहाला, बारा दिवस, शिकवायला एक निवृत्त शिक्षक. पुराभिलेख संचालनालयही मोडीचं प्रशिक्षण देतं, पण आमच्या माणसांना तालुका सोडून जमेना. बारा दिवसांत कुणी पंडित होत नाही. इतकंच जमतं: आधी ओळभर ओढलेली शिरोरेघ, खाली हात न उचलता लिहिलेली अक्षरं, शब्द तोडायचा कुठे ते आपण ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद धरायचा नाही. नावं, गाव, शक आणि आकडे वाचता येऊ लागतात. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन, हे तर सगळ्यांना येतं. पण कागदावर शकाऐवजी फसली किंवा सुहूर सन, म्हणजे वेगळीच कालगणना, असेल तर थांबायचं आणि विचारायचं, हे कळणं महत्त्वाचं. कागदाचा फोटो खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात घ्यायचा, फ्लॅश बंद, उजेड एका बाजूने यायला हवा. पुसट शाई उठून दिसते.

त्याच वर्गातून आणेवारीची एक्सेल शीट निघाली. जुन्या नोंदीत हिस्सा आणे-पैत असतो: पूर्ण जमीन १६ आणे, एका आण्याच्या १२ पै. सहावा हिस्सा म्हणजे २ आणे ८ पै, तिसरा म्हणजे ५ आणे ४ पै. एका ज्युनिअरने सूत्र बसवलं की आणे-पै घातले की गुंठे निघतील. सगळे खूश. अण्णांनी हातातला जुना उतारा वाचून दाखवला: पाच भाऊ, प्रत्येकी ३ आणे २ पै. शीटने बेरीज दाखवली १५ आणे १० पै. ज्युनिअर सूत्र तपासत बसला. सूत्र बरोबर होतं. १६ आण्यांच्या होतात १९२ पै, त्यांना पाचाने पूर्ण भाग जात नाही. तलाठ्याने कधीकाळी ३८-३८ पै लिहून हात झटकले. उरलेल्या दोन पै कुणाच्या? "त्याच दोन पैंवरून हा दावा चाललाय," अण्णा म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. आता शीटमध्ये हिस्सा अपूर्णांकात धरतो, आणे-पै फक्त जुन्या नोंदीशी पडताळायला, आणि बेरीज १९२ झाली नाही तर रकाना लाल होतो.

एआय

थोडक्यात. ज्युनिअर एआयला विचारून मसुदा करतात, करू द्या. पण निवाडा उद्धृत केला तर तो उघडून वाचल्याचं दाखवायचं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी एआयने रचलेले निवाडे कोर्टात दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. आमच्याकडेही एका अर्जात असा एक निवाडा निघाला होता, दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी. पक्षकारांची नावं झकास, दिलेल्या पानावर भलताच खटला. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच न्यायालयाच्या ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहात जानेवारी २०२३ पासून फुकट आहेत. तिथे सापडला तर लिहायचा, नाही तर कितीही गोड असला तरी काढायचा. एवढा एक नियम पुरतो.

पाणी आणि चाव्या

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या एका मैत्रिणीच्या ऑफिसातल्या फायली आम्ही चौघींनी तिच्या गच्चीवर दोऱ्यांवर वाळत घातल्या होत्या. पानं सुटली, शाई पसरली, काही फायलींचं कुठलं पान कुणाचं ते आजही कळत नाही. त्यामुळे संघाचं जे काही स्कॅन केलेलं आहे त्याची एक प्रत क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क टेकडीवर घर असलेल्या सभासदाकडे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती खाली येते, भरली जाते, परत वर जाते. हार्ड डिस्क आणणाऱ्याला त्या दिवशीची भजी फुकट.

पैशाचं फार सांगण्यासारखं नाही. वर्गाला फी ठेवू नका, चहा पाळीने. स्कॅनर वर्गणीतून घेतले. स्कॅनिंगला पानामागे थोडे पैसे घेतो, त्यात वीजबिल निघतं.

शेवटचं काम निवडणुकीच्या आधी करायचं, निकालानंतर कुणी फोन उचलत नाही. संघाचा ईमेल, क्लाउडचं खातं, ऑनलाइन मीटिंगचं खातं, हे सगळं संघाच्या नावाने उघडलेलं असावं. माझ्या आधीच्या सचिवांनी सगळं स्वतःच्या मोबाइलवर घेतलं होतं, आणि ते हरले तेव्हा ओटीपीसाठी मला आठवडाभर त्यांच्या ओटीवर चकरा माराव्या लागल्या. आता संघाच्या नावाचं एक वेगळं सिम आहे, एका जुन्या साध्या फोनमध्ये. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, पाकिटावर अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या, आणि अण्णांच्या आग्रहाने वर खरंच लाखेचं शील. ते कपाटात वेल्फेअर तिकिटांच्या डब्याखाली असतं. मागच्या वर्षी नवी कार्यकारिणी आली तेव्हा ते सगळ्यांसमोर फोडलं, पासवर्ड बदलले, नवं पाकीट केलं. फोन चार्ज करायचा राहिला होता, त्यासाठी पाऊण तास थांबलो.